निघालो, चहा टाक

हडपसरच्या ऑफिसात माझ्या पाठीमागे बसणारा सहकारी एकाएकी हृदय बंद पडून गेला, तेव्हा त्याचा स्क्रीन आम्ही कोणी बंद केला नाही. माणूस गेला की त्याच्या जागी दिवा ठेवतात. ऑफिसात दिवा कुठे लावणार? मग स्क्रीनच चालू राहू दे, असं ठरलं. तेरावा झाला तरी तो बंद करायला कोणाचा हात धजेना. आम्ही सगळे इंजिनिअर, विज्ञान शिकलेले. असो.

महिन्याभराने त्याची बहीण मला भेटायला आली.

"आईच्या पेजरवर त्याचा निरोप येतो," ती म्हणाली. "ऑफिस असेल त्या दिवशी, संध्याकाळी. 'निघालो, चहा टाक.' तिच्या डोळ्यांदेखत क्रियाकर्म, सगळं झालंय हो, तरी दोन कप टाकते आणि दारात बसते. जेवत नाही धड. धायरीला माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणते, तो वाटेत आहे, कुलूप कसं लावू? पेजर काढून घेतला तर जीव काढून घेतल्यासारखं करते. तुम्ही तिकडूनच बंद करा."

माझ्या अंगावर काटा आला. मग त्या घाबरण्याचाच राग आला.

निघताना घरी कळवायचं तो हमखास विसरायचा आणि आईची बोलणी खायचा. त्यावर त्याने केलेला उपाय मला सर्व्हरवर सापडला. कोणाच्या नजरेत न येता मागच्या मागे चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, आमच्या भाषेत जॉब. संध्याकाळी त्याच्या कीबोर्डची कळ दाबली की टायमर सुरू व्हायचा, पुन्हा दाबली की नव्याने सुरू व्हायचा. काही वेळ एकही कळ हलली नाही, की टायमर सिग्नल द्यायचा आणि निरोप सुटायचा. आळशी माणसाची हुशारी! पण एक गोष्ट जुळेना. कळ दाबल्याशिवाय टायमर मुळात सुरूच होत नव्हता. मी पुन्हा पुन्हा तपासलं.

मग रोज कळ कोण दाबत होतं?

त्या संध्याकाळी सगळे कंपनीच्या बसला गेले आणि मी त्याच्या जागेकडे पाठ करून बसून राहिले. एसीचा आवाज तेवढा येत होता. मागे टक् झालं, एकदाच. मला मान वळवता येईना. शेवटी वळले, तर खुर्ची किंचित फिरलेली आणि स्क्रीनवर एक अक्षर उमटलेलं.

टेबलाआडून झाडणारी मावशी उभी राहिली. कीबोर्डवर झेंडूचं ताजं फूल होतं. तेच ठेवताना कळ दाबली गेली होती.

"सायबांची जागा हाय," ती म्हणाली. "सुनी कशी ठिवायची?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. टायमर संपायच्या आत मी जॉब बंद केला, स्क्रीनही बंद केला. फुलाला मात्र हात लावला नाही.

तशीच नारायण पेठेत त्याच्या घरी गेले. बहीण बॅग भरून बसली होती. काकूंनी, त्याच्या आईने, चहाचं आधण ठेवलं होतं, शेजारी दोन कप, मध्ये पेजर. पाणी आटत आलं तरी पेजर वाजला नाही. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

काकूंनी गॅस बंद केला.

"आज निरोप नाही. म्हणजे अजून ऑफिसातच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीत घड्याळ फक्त सकाळी बघतात वाटतं."

मग पदराला हात पुसून त्यांनी चपला घातल्या. "चल," त्या लेकीला म्हणाल्या, "तोवर येते धायरीला."

सुटले एकदाची, असं वाटून मला रडूच आलं. काकूंनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तू त्याच्या पुढेच बसतेस ना गं? तो निघाला की मला कळव."

बहीण खाली मान घालून जिना उतरत होती. मी हो म्हणाले.

ती नोकरी सोडेपर्यंत रोज संध्याकाळी निघताना मी त्या खुर्चीकडे एकदा बघून घ्यायचे.