परत करण्याचं कारण

त्या बाईंनी खोका माझ्या हातात दिला नाही. ओट्यावर ठेवला. दोन पावलं मागे सरकल्या, मग बोलल्या.

"व्हिडिओ पाहिला आम्ही. तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं हो."

काय सांगायला हवं होतं, ते त्या बोलल्या नाहीत. उघड्या दारातून त्यांची नजर आत भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची तसबीर आहे. शेजारी निळ्या कोटातला फोटो. नजर तिथे टेकली आणि पुन्हा खोक्यावर आली. मला उत्तर मिळालं.

मी पवनारला राहते आणि जुनी चांदी विकते. वर्ध्याच्या सराफाकडे लोक घरातली चांदी मोडीत काढायला आणतात. जे देखणं असतं ते आटवण्याआधी सराफ मला फोन करतो. मी ते वजनाच्या भावानं, बिलावर घेते. घासते, फोटो काढते, ऑनलाइन विकते. प्रत्येक पार्सलचा व्हिडिओ करते. वस्तू काट्यावर, मग सगळ्या बाजूंनी, मग खोक्यात, वर चिकटपट्टी. मध्ये कुठेही तोडायचं नाही. उद्या ग्राहकानं वाद घातला तर आपल्या बाजूनं बोलायला काहीतरी हवं.

या बाई वर्ध्याच्याच. मुलीच्या लग्नात द्यायला त्यांनी माझ्याकडून पूजेचं ताट घेतलं. काठावर वेलबुट्टी, मध्ये कमळ. पोचल्यावर त्यांची तक्रार आली, काठाला पोचा आहे. मी व्हिडिओ पाठवला. काठ साफ दिसत होता. पोच्याची गोष्ट तिथेच संपली. पण व्हिडिओत माझ्या मागची भिंतही दिसत होती. स्वतःला वाचवायला केलेला व्हिडिओ माझं घर त्यांच्या हातात देऊन आला.

"तुमचा काही दोष नाही," बाई समजुतीच्या आवाजात म्हणाल्या. "पण देवघरातली वस्तू. मुलीच्या सासूबाई चालवून घेणार नाहीत. नाहीतर असं करा, निम्मे पैसे परत द्या. आम्ही ताट आटवून नवीन करून घेऊ. एकदा आटवलं की काही राहत नाही."

गाडीतून त्यांचे यजमान ओरडले, "अगं, लेक्चर काय देतेस? पैसे घे अन् चल!"

काही राहत नाही म्हणजे काय राहत नाही? माझा हात राहत नाही. चांदी घासून माझ्या नखांत काळं बसलेलं असतं, कितीही साबण लावा, निघत नाही. बाई बोलत होत्या आणि माझे हात आपोआप पदराखाली गेले. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच अंगणात, माझेच हात. त्या गोष्टीची चीड मला आजही त्या बाईंपेक्षा जास्त येते.

मी एवढंच म्हणाले, "खोका घेऊन जा. परत करायचं तर ॲपवरून करा."

गाडी गेली. संध्याकाळपर्यंत ॲपवर अर्ज आला. परत करण्याचं कारण : माल बनावट, चांदी शुद्ध नाही.

मी उभीच राहिले. त्या ताटाचा टंच काढून घेतला होता. शुद्धता सराफाच्या चिठ्ठीवर होती, तीच मी जाहिरातीत लिहिली होती. अंगणात एक कारण, ॲपवर दुसरं. आणि दुसरं कारण मान्य केलं की माझ्या दुकानावर बनावट मालाचा शिक्का. मग जुनी चांदी माझ्याकडून कोण घेईल?

ॲपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक पोरगी. गोड आवाज.

"मॅम, रिटर्न ॲक्सेप्ट करून टाका ना. डिस्प्यूट क्लोज होईल."

"अन् कारण?"

"ते बायरनं टाकलेलंच राहतं, मॅम."

"तुमच्या यादीत जात म्हणून कारण हाय का?"

ती हळूच म्हणाली, "मॅम, असा ऑप्शन नाहीये."

त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. एक वाटी घासायला घेतली, ती घासतच बसले. नागपूरच्या पार्सलवर अमरावतीचा पत्ता चिकटवला. मी कामं लिहून ठेवून एकेक खोडणारी बाई. त्या दिवशी एकही खोडलं गेलं नाही. वर्ध्याला जायला बसथांब्यावर गेले आणि बस समोर आल्यावर घरी परत आले.

जाऊ आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मांगं पांढरी चादर लाव ना, बाई. सगळेच लावतेत. तू धंदा करून राह्यली का मोर्चा काढून राह्यली?"

हसले मी. आणि चादर लावली.

हो, लावली. दोन्ही तसबिरी झाकल्या गेल्या. कुंकवाच्या करंड्याचं पार्सल बांधलं, व्हिडिओ केला, तपासायला लावला. पांढऱ्या कापडापुढे दोन हात. ना घर, ना भिंत, ना माणूस. हात कुठून आले ते कळत नव्हतं. चांदी मात्र झळकत होती. धंद्याच्या दृष्टीनं इतका चांगला व्हिडिओ मी आधी कधी केला नव्हता. त्या बाईंना ताट आटवायचं होतं. इथे मी स्वतःलाच आटवत होते, तेही फुकटात.

चादर ओढली. खिळ्यासकट आली.

जाऊ म्हणाली, "काऊन वो? आता काय झालं?"

मी त्या बाईंना फोन लावला.

"ताट वापस घेतो मी," मी म्हणाले. "पूर्ण पैसे देतो. फक्त कारण बदलवा. जे माझ्या ओट्यावर बोलल्या, तेच लिहा."

"असं कसं लिहिता येईल?"

"बोलता आलं ना?"

त्यांचा आवाज धारदार झाला. "तुमचं हे असंच असतं बघा. काही झालं की लगेच तिथेच जाता."

"मी कुठंच गेली नाई, बाई. तुमीच आल्या होत्या माझ्या घरी."

त्यांनी फोन ठेवला.

ते ताट कुठून आलं होतं ते सराफानं मला सांगितलं होतं. आर्वीकडच्या एका जुन्या मालगुजाराच्या देवघरातून. त्या घराला ते नकोसं झालं होतं, आटवायला आणलं होतं. मी घेतलं म्हणून ते ताट उरलं. बाईंना हे सांगावं, असं आधी जिभेवर आलं होतं. बरं झालं, नाही सांगितलं. मालगुजाराच्या देवघराची साक्ष काढून माझे हात स्वच्छ ठरवायचे नव्हते मला.

कंपनीनं शेवटचं विचारलं. परतावा मान्य की नामंजूर? मान्य केलं तर शिक्का लागेल, दुकान चालू राहील. नामंजूर केलं तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत दुकान बंद. मी टंचाची चिठ्ठी जोडली. व्हिडिओ जोडला, भिंतीसकट. खाली बाईंचं वाक्य न बदलता लिहिलं, जसं बोलल्या तसं. 'एकदा आटवलं की काही राहत नाही.' आणि नामंजूर दाबलं.

दुकान बंद झालं. अजून बंद आहे. चौकशी कुठवर आली ते विचारलं की तोच गोड आवाज थांबायला सांगतो. सराफाचे फोन येतात आणि मी माल घेते, घासून ठेवते. घरातले विचारतात, काय होईल? मला माहीत नाही. बाईंच्या बाजूनं निकाल लागला तर ग्राहक न्यायालय आहे. तिथेही हेच लिहीन, याच शब्दांत.

वजनात फरक निघाला, परत घेईन. पोचा निघाला, तडा निघाला, टंच कमी भरला, परत घेईन आणि माफीही मागेन. मी बांधलं म्हणून परत करायचं असेल, तर तसं लिहून, खाली सही करून पाठवा. त्याशिवाय मी घेणार नाही.