जुनी डिक्शनरी

मुकुंदवाडीतल्या आमच्या वाचनालयाचं कुलूप मी काढायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसलेले असायचे. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, मूळचे पिशोरकडचे. दारातल्या फळ्यावर ते रोज एक अवघड इंग्रजी शब्द लिहायचे. त्याची जितकी स्पेलिंगं असतील तितकी आणि जितके अर्थ असतील तितके. एकही अर्थ गाळायचा नाही, हा त्यांचा नियम. वाचनालयाच्या सूचनांना फळ्यावर जागाच उरायची नाही. मी वैतागलो की म्हणायचे, "असू द्या हो. चारात एखादा तरी अर्थ बरा निघतो."

गेल्या सोमवारी त्यांनी खिशातून बायकोच्या तपासणीचा कागद काढला. एका शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती : कॅकेक्सिया. टेबलावरच्या तिन्ही डिक्शनऱ्या त्यांनी उभ्यानंच पाहिल्या. आजारानं शरीर झिजत जाणं. स्पेलिंगं दोन सापडली, अर्थ एकच.

"अजून एखादी नाय का?" त्यांनी मला विचारलं.

"कपाटात आहे सर, पण लई जुनी."

"जुनीच द्या. त्या काळी एवढं वाईट नसंल."

मी दिली. तिच्यातही अर्थ तोच होता, फक्त कमी शब्दांत. पानावर बोट ठेवून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग सवयीनं दाराशी गेले आणि फळ्यावर दोन्ही स्पेलिंगं सुवाच्य अक्षरात लिहिली. खाली सगळा फळा मोकळा होता. त्यांनी खडू जागेवर ठेवला, हात झटकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज एवढंच."