काडतुसांचा सल्ला

सौदीत परदेशी नर्सनं तीन विषयांवर तोंड उघडायचं नाही, हे यान्बूच्या इस्पितळात मला पहिल्याच आठवड्यात केरळच्या एका सिनियरनं बजावलं होतं: धर्म, राजघराणं आणि हत्यारं. पहिल्या दोन विषयांत मला कधीच रस नव्हता, त्यामुळे ते पाळणं सोपं गेलं. तिसऱ्यानं मला बुडवलं, आणि तेही जिला मी सख्ख्या बहिणीसारखं मानलं तिच्या हातून.

ती सौदी होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायचं सरकारी धोरण, म्हणजे सौदीकरण, आमच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलं तेव्हा ती आली. मी थिएटरची इन्चार्ज, त्यामुळे तिला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्या भारतीय नर्सेस म्हणायच्या, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस. मी त्यांनाच खडसावायचे. पोरगी हुशार होती, हात हलका होता, आणि मला 'उख्ती' म्हणायची, म्हणजे बहीण. तिच्या घरी कितीतरी शुक्रवारी मी जेवलेय, एकाच मोठ्या थाळ्यातून, तिच्या सासूच्या मांडीला मांडी लावून. सासू मटणाचा चांगला तुकडा शोधून माझ्यापुढे सरकवायची. एवढं झाल्यावर माणूस परकं राहतं का?

माझं त्या नोकरीवाचून चालण्यासारखं नव्हतं. नवऱ्याची प्लान्टमधली नोकरी आदल्याच वर्षी सौदीकरणात गेली होती. तो आणि मुलगी आता माझ्या इकाम्यावर, म्हणजे नोकरीमुळे मिळालेल्या रहिवासाच्या परवान्यावर, राहत होते, आणि मुलगी दहावीत होती. तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत माझं काँट्रॅक्ट टिकावं, एवढीच माझी धडपड होती. नंतर साताऱ्याला परत जायची तयारी आम्ही मनानं केलेलीच होती.

त्या हिवाळ्यात तिच्या वस्तीत घरफोड्या सुरू झाल्या. नवरा रिफायनरीत पाळीवर, सासू थोरल्या मुलाकडे गेलेली, घरात ती आणि दोन लहान मुलं. नवऱ्यानं रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर आणलं आणि तिला चालवायला शिकवलं. एकदा चहाच्या सुट्टीत तिनं मला फोनवर काडतुसांच्या दोन डब्यांचा फोटो दाखवला.

"उख्ती, तुझे वडील सैन्यात हत्यारांचं काम करायचे ना? यातली कुठली भरून ठेवू? तो म्हणतो, मोठी भर. मला मोठीची भीती वाटते."

माझे वडील आर्मरर होते. आमच्या घरी काडतुसांविषयी लोक भाजीच्या भावाइतक्या सहज बोलायचे. शिवाय पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गोळी लागलेली माणसं मी टेबलावर पाहिली होती. केरळच्या सिनियरचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. पण समोर दोन लेकरांची आई घाबरून विचारत होती, आणि नर्सला विचारलं की ती सांगते. आजही सांगेन.

मोठी काडतुसं मॅग्नमची होती. बंद खोलीत ती उडवली तर कानठळ्या बसतील, हात असा उडेल की दुसरा नेम लागणार नाही, असं मी तिला सांगितलं. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये कमी ताकदीची काडतुसंही चालत होती. तीच घे, पण नवऱ्यानं आणलीत तशी पूर्ण तांब्यानं मढवलेली नकोत, ती माणसातून आरपार जातात. टोकाला पोकळ असलेली गोळी आत उमलते आणि बहुतेक वेळा तिथंच थांबते. मग मी तिला घराचा नकाशा काढायला लावला. तिच्या आणि मुलांच्या खोलीमध्ये नुसतं जिप्समचं पार्टिशन होतं.

"या भिंतीत कुठलीच गोळी थांबत नाही," मी म्हटलं. "मुलांना आधी तुझ्या खोलीत घे, दार लाव, पोलिसांना फोन कर. नेम धरायचाच तर दाराकडे, पार्टिशनकडे कधीच नाही. आणि एरवी कुलपात ठेव."

तिनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते, ते काही खोटे नव्हते. हेच मला अजून कळत नाही.

थोड्याच दिवसांत नर्सिंगच्या मुख्य बाईंनी मला बोलावलं. मी स्टाफला हत्यारांचे धडे देते, अशी तक्रार होती. कोणाची, ते त्या सांगेनात. सांगायची गरजच नव्हती, चहाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. काँट्रॅक्ट पुढे वाढणार नाही, खलास. मी काय आणि का सांगितलं ते त्यांना ऐकायचंच नव्हतं.

घरी मी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं पासपोर्टांची फाइल काढली. मुलगी म्हणाली, "मतलब बोर्ड यहाँ नहीं दूँगी?" आणि तिनं पुस्तक मिटलं. गावी मध्येच कुठली शाळा तिला परीक्षेला बसू देणार होती? वर्ष गेलंच म्हणायचं. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

थिएटरचा चार्ज मला तिलाच द्यायचा होता. कपाटं दाखवून झाली, तशी मी दार लोटलं आणि विचारलं, "का?"

ती ट्रेवरच्या कात्र्या नीट लावायला लागली. मग म्हणाली, "जागा मला द्यायची, हे वरच्या लोकांचं आधीच ठरलं होतं. तुला काढायला काहीतरी कारण हवं होतं. म्हणाले, तू रोज तिच्याबरोबर असतेस, तूच सांग. मी खूप आठवून पाहिलं, उख्ती. तुझ्या कामात मला एकही चूक सापडली नाही. मग ते काडतुसांचंच तेवढं उरलं."

हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. ते खरंही होतं, आणि म्हणूनच मी तिला आजवर माफ करू शकलेले नाही.