ताईच्या पिंपाचं झाकण

भाऊजींचा फोन सकाळीच आला. "वसंता, तुई ताई गेली," एवढंच म्हणाले. यावर माणसाने रडावं, निदान गप्प तरी बसावं. मी विचारलं, "घरात कोन कोन होतं?" भाऊजी हळूच म्हणाले, "ये बाप्पा तू…" आयुष्यभर एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढलं की असं होतं. समोरचा काय सांगतो यापेक्षा तो काय लपवतो याकडेच लक्ष जातं. तुमसरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मी शकूताईसाठी रडत होतो, आणि रडता रडता हिशेब लावत होतो की तिने आपली वायनरी बंद केल्याला महिनाही धड झाला नाही, तोच ही जाते कशी? डॉक्टर हृदयविकाराचा झटका म्हणाले. मी ऐकून घेतलं.

शकूताई माझी थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने भंडाऱ्यात, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत एक शेड घेतली आणि रीतसर परवाना काढून जांभळाची वाईन करायला लागली. आमच्या नातेवाइकांना आधी वाटलं, मास्तरीण दारूच्या धंद्याला लागली. ती कोणाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. उन्हाळा सरता सरता जंगलपट्ट्यातल्या बाया टोपल्या भरून जांभळं आणायच्या, ताईचे हात कोपरापर्यंत जांभळे व्हायचे आणि शेजारच्या पितळेच्या ठोक्यांत ती काहीबाही गुणगुणत फळं कुस्करायची. तिचा एकच नियम होता, आणि तो देवघरातल्या सोवळ्याहून कडक: शेडमध्ये आंबट काही आणायचं नाही. लोणचं नाही, ताक नाही, लिंबू तर नाहीच. एखादं चिलट दिसलं तरी ती फडकं घेऊन त्याच्यामागे धावायची. चिलटाच्या पायाला लागून आंबटपणा येतो, पिंपात हवा शिरली की तो वाढतो आणि सगळी वाईन नासते, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मीही शेडमध्ये पाय ठेवताच आधी झाकणं दाबून बघायचो. ती हसायची. "तू तं देवालेही तिकीट मागशील वसंता," म्हणायची, "पन झाकनाच्या कामाले तुयासारखाच मानूस पायजे."

दिवाळीत तिने सांगितलं, "मी वायनरी बंद करून राहिली." मी ताट बाजूला सारलं. "काहून? कोनी धमकावलं?" ती म्हणाली, कोणी नाही. गुडघे शिडी चढू देत नाहीत, परवान्यासाठी चकरा होत नाहीत आणि गावाला वाईनचं फारसं अप्रूपही नाही. "मंग पुढं काय?" "पाहू ना…" आणि ती भाऊजींकडे बघून हसली. ते हसू मला खटकलं. मोठ्या टाक्या बाहेरगावच्या माणसाने नेल्या. शेड तांदूळ ठेवायला तुमसरच्याच एका व्यापाऱ्याने घ्यायची ठरवली. गोरा, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला हात जोडणारा. असा प्रवासी गाडीत दिसला की मी त्याचं तिकीट दोनदा बघत असे.

तेरवी झाल्यावर मी एकटाच शेडमध्ये गेलो. दार उघडताच आंबट भपका आला. कोपऱ्यात तिने ठेवलेलं शेवटचं पिंप उभं होतं, त्याचं झाकण भिंतीला टेकवलेलं, आणि तोंडावर नुसतं सुती फडकं बांधलेलं. आत जांभळ्या वाईनवर सायीसारखा पापुद्रा धरला होता. माझं डोकं सणकलं. ताईच्या हातची शेवटची वाईन कोणीतरी नासवली होती! दुसरी किल्ली व्यापाऱ्याकडे होती. वाईन नासली तर आम्ही पिंप टाकून लवकर शेड रिकामी करू, हा त्याचा डाव मला स्वच्छ दिसला. एवढंच कशाला, भाऊजींचीही शंका आली, कारण ते फारच शांत होते. मी फडकं ओढून फेकलं, झाकण दाबून बसवलं, भोवती चिकटपट्टी गुंडाळली, दाराला नवीन कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. काहीतरी वाचवलं असं वाटलं.

आठवड्याभराने व्यापारी ताईच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच होतो. भाऊजींसमोरच मी त्याला धरलं. "पिंप कोनं उघडलं?" त्याने सवयीने हात जोडले. "मी कायले उघडू साहेब? बाईंनी तं मले तो कोपरा मागतला होता. म्हने, शेड तुमची, पन पिंप तिथंच राहीन. मी हो म्हटलं." "कायले पायजे होता कोपरा?" तो भाऊजींकडे बघू लागला.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "आम्ही दोघांनी उघडलं ते. सिरका करून राहिली होती ती, जांभयाचा व्हिनेगर. साखरेच्या बिमारीचे लोक येऊन मागत ना… म्हने, वाईन झाली, आता हे करू. जिंदगीभर त्या आंबटाले हाकललं, आता त्यालेच बोलावतो."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तयार झाल्यावर सांगनार होती. म्हने, आधी सांगितलं तं वसंता पटकन येईन, अन् पयले झाकन लावन."

उन्हात चपला न घालता मी शेडकडे निघालो, भाऊजी मागून. सिरक्याला हवा लागते, वाईनचा सिरका करणारा तो पापुद्रा हवा कोंडली की मरतो, हे आता ते चालता चालता सांगत होते. चिकटपट्टी नखांनी निघेना, दातांनी तोडली. पापुद्रा फाटून तळाशी बुडाला होता. मी पिंपाच्या काठाला धरून रडलो… फोन आला तेव्हा रडायचं राहिलं होतं, ते सगळं तिथे रडलो. तिचं पुढचं सगळं त्या पिंपात होतं आणि मी ते राखणीच्या नावाखाली गुदमरवलं होतं. भाऊजींनी घरून तिच्या जुन्या पातळाचा तुकडा आणला. तो दोघांनी मिळून बांधला.

आता मी एक दिवसाआड भंडाऱ्याला जातो. व्यापाऱ्याने शेडमध्ये पोती रचली, पण कोपरा सोडला आहे. तिथे एक पोतंसुद्धा टेकू देत नाही. परवा कापड उचललं तर काठाशी नखाएवढा नवा पापुद्रा दिसला. जिवंत आहे की नुसताच फेस, मला खात्री नाही. भाऊजी म्हणतात, जिवंत आहे. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. बाजूला एक चिलट घोंगावत होतं, आणि माझा हात आपोआप भिंतीकडच्या झाकणाकडे गेला… तेव्हा मी भाऊजींना हाक मारली आणि म्हटलं, "हे झाकन घरी घेऊन जा. मले सापडनार नाही असं ठेवा."