पाण्यातली बाई सालेकसात

सालेकसा स्टेशन मी झोपेत मागे टाकलं. शेजारची बाई "दीदी, सालेकसा तो गया" म्हणाली तेव्हा गाडी बरीच पुढे आली होती. उतरले ती थेट दरेकसाला, कचारगडाच्या डोंगरांजवळ. मांडीवरचं गाठोडं तेवढं घट्ट धरलेलं होतं, एवढीच माझी हुशारी. परतीच्या गाडीची वाट बघत जंगलाकडे तोंड करून बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

गाठोड्यात एक अर्धवट कापड होतं. मादागास्करची माझी मैत्रीण सोआ तिकडच्या जुन्या लोककथा कापडावर रचते. यंदा एक कथा आम्ही दोघींनी मिळून करायला घेतली होती. रानरेशमाच्या, म्हणजे आपल्या कोसा रेशमासारख्याच कापडाच्या आकृत्या कापून तिनं पाठवल्या आणि मी नाशकात त्या निळीत रंगवलेल्या सुती कापडावर बसवल्या. आता खाली अस्तर लावून त्यावर गोधडीसारखा धावदोरा घालायचा होता. सालेकसाजवळच्या एका गावातल्या कुसुमबाईंच्या गोधड्या मी नागपूरला पाहिल्या होत्या. तसा टाका मला जमत नाही, म्हणून ही यात्रा. पुण्यातलं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

गावाच्या वाटेवर कापणी उरकलेल्या बांध्या (धानाची शेतं) होत्या आणि जागोजागी पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग). बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर म्हशी निवांत होत्या. माझ्याइतकी घाई तिथं कुणालाच नव्हती.

कुसुमबाई छपरीत (पडवीत) वाट बघत होत्या.

"इतका उशीर काऊन झाला?"

"गाडीत झोप लागली."

"झोपाले इतक्या दूर आल्या का?" म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

जेवायला भात आणि लाखोरीची डाळ होती. डाळ साफ अळणी. ताटाजवळ मीठ वेगळं वाटीत ठेवलेलं.

"आता मी मीठ टाकतच नाई," त्या म्हणाल्या. "ज्याले जेवढं पायजे तेवढं घ्या."

ब्लडप्रेशर असेल असं समजून मी चिमूटभर घेतलं आणि भात चवीनं खाल्ला.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याखाली चटई टाकून त्या कामाला बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची सुई शेवटच्या चित्रापाशी आली. तिथं एक बाई पाण्यात उतरताना आहे.

"हे पाण्यात कायले चालली?"

मी उत्साहानं गोष्ट सांगायला लागले. ही पाण्यातलीच बाई. काठावरच्या एका माणसाच्या घरी नांदायला आली, पण एका अटीवर: माझ्यासमोर मिठाचं नाव काढायचं नाही. त्यानं पुष्कळ वर्षं पाळलं. एकदा रागाच्या भरात तोंडून मीठ हा शब्द निघाला. ती उठली आणि पाण्यात गेली, ती गेलीच.

सुई थांबली.

"मारलं नाई? उपाशी ठेवलं नाई?"

"नाही."

"एका शब्दानं गेली?"

"हो."

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "आमची मनीषा अशीच गेली. माई सून. डाळ खारट झाली होती. मी म्हटलं, तुया मायनं मीठबी टाकाले शिकवलं नाई का? तिची माय मरून वर्ष नोयतं झालं. जेवता जेवता उठली अन् आमगावले बापाच्या घरी गेली. कापणीच्या आधीपासून तिथंच हाये."

आपण हौसेनं सांगितलेली परमुलखाची गोष्ट या घरात आधीच घडून गेली होती, याची फार लाज वाटली.

संध्याकाळी एक कोपरा सोडून कापड शिवून झालं. कुसुमबाईंच्या घरची रीत अशी, की शेवटच्या कोपऱ्यात धानाचे दाणे घालून मगच तो बंद करायचा. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

"हा कोपरा मी नाई शिवत," त्या म्हणाल्या. "सुनेनं शिवायचा असते."

"अहो, पण माझं प्रदर्शन?"

"मंग काय झालं?" एवढंच म्हणून त्यांनी कापडाची घडी घातली. मी मनातून चांगलीच चिडले होते.

सकाळी त्या माझ्याबरोबर गाडीत बसल्या. गाठोडं त्यांच्या मांडीवर, पदराच्या गाठीत धान.

"तिला काय म्हणाल?" मी विचारलं.

"काय म्हणू? तोंडानंच तर बिघडलं. कापड दाखवीन."

आमगावला त्या उतरल्या. गाठोडं अडवण्याचा माझा धीर झाला नाही. प्लॅटफॉर्मवर त्यांनी एकदा पदर सारखा केला आणि चालू लागल्या. मी गोंदियापर्यंत रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसले.

प्रदर्शनात आमची भिंत रिकामीच राहिली. कापड नाशकात आलं ते प्रदर्शन उठल्यावर. त्याच दिवशी फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता.

"ताई, मी मनीषा, सालेकसाहून. कोपरा मी शिवला. धान टाकलं. अन् आत्याबाई म्हणे, मीठबी टाक, तुया हातानं, तुले पायजे तेवढं. टाकलं. चालते ना?"

चालतं, म्हणाले मी.

खरं तर चालत नाही. मीठ हवेतली ओल ओढतं आणि कापड खातं, हे माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी स्वतः सांगते. पावसाळ्यात तो कोपरा हाताला दमट लागतो. निळीवर तिथं पांढुरका डागही उमटलाय. उसवून मीठ काढायला दहा मिनिटं पुरतील. मी अजून कात्री लावलेली नाही.