अकरा नियमांची वही

माझ्या बहिणीने वडिलांविरुद्धचा खेळ २१ डिसेंबर १९८६ रोजी, रविवारी दुपारी चारच्या सुमारास जिंकला. जागा रत्नागिरीतल्या आमच्या भाड्याच्या घराची ओटी. खेळाडू तीन होते: वडील, ती आणि मी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खेळत नव्हती.

वडील दिवाणी कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. तेहतीस वर्षं त्यांनी दाव्यांच्या कागदांवर पुढच्या तारखा लिहिल्या होत्या. दिवाळीनंतरच्या सोमवारी डॉक्टरांनी त्यांच्या जिभेखालची गाठ पाहिली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "महिन्याच्या आत मुंबईला न्या. ऑपरेशन झालं तर आशा आहे. महिना म्हणजे महिना, दीड महिना नव्हे."

बाबा नाही म्हणाले. त्यांचा थोरला भाऊ असाच ऑपरेशनला मुंबईला गेला होता. परत आला तो त्याचा चष्मा, रुमालात बांधलेला. त्यानंतर बाबांशी कोणी वाद घातला नाही, आईने एकदा घातला तेवढाच. "तुम्हाला भीती वाटते, असं सरळ सांगा ना," ती म्हणाली. बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

मी तेव्हा गावातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कार्यालयात एका इंग्रजी मासिकाचे जुने अंक येत. त्यातल्या एका अंकात एका खेळाची माहिती होती. या खेळात सोंगट्या नसतात, फासे नसतात, फक्त नियम असतात. पाळी आली की खेळाडूने एखादा नियम बदलायचा किंवा नवा सुचवायचा. नियम कसे बदलायचे याचेही नियम असतात आणि तेही बदलता येतात. रविवारच्या पुरवणीसाठी मी त्याचं भाषांतर केलं. संपादकांनी ते परत केलं. "मुलांना कळायचं नाही," ते म्हणाले, "आणि मोठ्यांनी खेळून बघावं असं काही नाही यात." मी कागद घरी आणले. बाबांनी ते दोनदा वाचले. कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही मागितलं: शंभर पानी वही.

१६ नोव्हेंबरला आम्ही बसलो. ताई अलोऱ्याच्या वसाहतीतल्या शाळेत शिक्षिका होती. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची. त्यामुळे खेळ रविवारी दुपारचा ठरला. सुरुवातीचे आठ नियम मी कागदांवरून वहीत उतरवले. नियम एकमतानेच बदलायचा, ही अट बाबांनी पहिल्या नियमात घालून घेतली.

"तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटा. बहुमत ठेवलं तर चहाही मिळायचा नाही मला."

आठवा नियम मासिकातलाच होता. एखादी चाल नियमाला धरून आहे की नाही हे ठरवणंच अशक्य झालं, तर ज्याची पाळी त्यामुळे अडली तो जिंकला आणि खेळ संपला. हा नियम उतरवताना मी हसलो होतो.

पहिली पाळी ताईची. तिने नववा नियम सुचवला: जो जिंकेल त्याचं एक मागणं बाकीच्यांनी मान्य करायचं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझं मागणं काय असणार ते मला ठाऊक आहे गो."

"तुमचं सांगा."

"मी जिंकलो तर मुंबईचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. आईनेसुद्धा."

"कबूल."

"मग माझा दहावा घ्या, म्हणजे तुझ्या नवव्याला माझं मत." दहावा नियम त्यांनी तोंडपाठ असल्यासारखा सांगितला: ज्याची पाळी आहे त्याला पंधरा दिवसांपर्यंतची तारीख मागता येईल, मागितली की ती द्यावीच लागेल, आणि तोवर कोणी खेळायचं नाही. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विश्रांती हवी असेल. दोन्ही नियम मंजूर झाले. तिघांनी सह्या केल्या. आता पाळी बाबांची; त्यांनी वहीत बघून लगेच तारीख मागितली.

पुढच्या रविवारी ते आपली पाळी खेळले. त्यांनी अकरावा नियम सुचवला: वाद झाला तर ज्याची पाळी नाही अशा खेळाडूने निकाल द्यावा, मात्र ज्या बाबीत आपला संबंध आहे तिच्यात कोणीही निकाल देऊ नये. "हा नसेल तर कोर्ट कशाला म्हणायचं?" ते म्हणाले. आम्ही हो म्हटलं. त्यानंतर माझी पाळी होती, पण त्या संध्याकाळची ड्यूटी मला बदलून मिळाली नव्हती. मी तारीख घेतली. आठवड्याने माझा आणि ताईचा प्रस्ताव बाबांच्या मताने पडला, त्यांची पाळी पुन्हा आली आणि त्यांनी दुसरी तारीख घेतली. ७ डिसेंबरला बाबांचा आणि माझा प्रस्तावही पडला आणि ताईने थेट २१ तारखेची तारीख घेतली, कारण पुढच्या रविवारी तिला शाळेच्या सहलीबरोबर जावं लागणार होतं. तिने रजा मागितली होती, ती मिळाली नव्हती. वहीत तारीख लिहिताना तिने पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली. ती आजही दिसतात.

डॉक्टरांचा महिना १० डिसेंबरला संपला. बाबा भात सोडून मऊभातावर आले होते, मग पेजेवर. बोलणं जड झालं होतं. आई पेज गाळून द्यायची. खेळ नसलेल्या दिवशी ते वही उशाला घेऊन झोपत. सहलीहून ताई तशीच रत्नागिरीला आली, सोमवारची पूर्ण रजा काढून. आल्या आल्या म्हणाली, "आज खेळू या, बाबा."

"तारीख रविवारची आहे," बाबा म्हणाले.

ती दिवसभर मागच्या पडवीत वही घेऊन बसली. मी ऑफिसातून आलो तेव्हा म्हणाली, "एकमताने आपण कधीच जिंकणार नाही. त्यांच्या मताशिवाय एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. जिंकायचं तर आठव्यानेच."

२१ तारखेला तिची पाळी होती. तिने प्रस्ताव मांडला: आजवर घेतलेल्या सगळ्या तारखा बेकायदेशीर समजाव्या.

"मागे जाऊन नियम लावता येत नाही," बाबा म्हणाले. "सातवा बघ. असा प्रस्ताव मतालाच टाकता येत नाही."

"सहावा बघा. कोणताही नियम बदलता येतो. सातवासुद्धा. मतालाच टाका."

"माझी हरकत आहे."

"मग वाद झाला. निकाल कोण देणार?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. ताई म्हणाली, "याने तारीख घेतलीय. याचा संबंध आहे. तुम्हीही घेतल्यात, दोन. मीही घेतली."

बाबांनी वहीतल्या आपल्या दोन्ही तारखा पाहिल्या. मग म्हणाले, "माझ्या तारखा मुदतीत संपल्या. त्यांच्याशी माझा आता संबंध उरला नाही. मी निकाल देतो."

"तुमचा संबंध उरला नाही हे कोण ठरवणार?"

"मी..."

"तो तुमच्याच बाबतीतला निकाल झाला. अकरावा तुमचाच आहे, बाबा."

त्यांनी वही ओढून घेतली. सहावा नियम वाचला, सातवा वाचला, अकरावा बोट ठेवून वाचला. आईला बोलावून निकाल द्यायला सांगावा, असं त्यांनी सुचवलं. आई खेळाडू नव्हती आणि तिला खेळाडू करायला नवा नियम लागला असता. ताईची पाळी पूर्ण झाल्याशिवाय नवा नियम कोणाला मांडता येत नव्हता. ती पूर्ण होत नव्हती. मग बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कोर्टातल्या अक्षरात लिहिलं: "खेळ आठव्या नियमाप्रमाणे समाप्त. मुलगी विजयी. मागणे मान्य." खाली सही केली.

आई दारातच खाली बसली. ताई म्हणाली, "उद्याच्या गाडीची तिकिटं काढते."

"उद्या कशाला?"

"मान्य केलंत ना?"

"मान्य केलं. कधी जायचं ते कुठे लिहिलंय?" नववा नियम त्यांनी तिच्यासमोर धरला. त्यात मुदत नव्हती. "हुकूमनामा झाला. दरखास्त वेगळी." कोर्टात निकाल लागला तरी तो अमलात आणण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. हे आम्हा दोघांना लहानपणापासून माहीत होतं.

"बाबा, एक ओळ घालू द्या. एकच."

"खेळ संपला. संपलेल्या खेळात नियम घालता येत नाही."

"अहो, पोटची पोर आहे ती," आई म्हणाली. "तिला आता हात जोडायला लावणार का?"

ताईने हात जोडलेच होते. बाबांनी वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ताई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने अलोऱ्याला गेली.

त्यानंतर आईने रोज सकाळी पेजेच्या वाटीशेजारी ती वही आणि पेन ठेवायला सुरुवात केली. बाबा वही बाजूला सारायचे आणि पेज प्यायचे. वाटी अर्धी राहू लागली, मग पाऊण. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पेज घशाखाली उतरली नाही. बाबांनी वाटी खाली ठेवली, वही उघडली, पेन घेतलं.

वही माझ्याकडे आहे. "मागणे मान्य" या शब्दांखाली त्यांच्या अक्षरात एक तारीख आहे: १८ जानेवारी १९८७. त्या दिवशी बाबा, ताई आणि मी सकाळच्या मुंबई गाडीत बसलो. १९ तारखेला त्यांना तपासलं. केस पेपरवरचा शेरा एका ओळीचा आहे: शस्त्रक्रिया आता शक्य नाही.