लशीच्या बाटलीवरचा चौकोन

दिवाळीनंतर माझी पत्नी दवाखान्यात वारली. कारण न्यूमोनिया सांगितलं गेलं.

न्यूमोनियाचीच लस तिला उन्हाळ्यात टोचली होती. आम्ही प्रकाशा या गावी राहतो. आमचे नेहमीचे डॉक्टर शहाद्याला बसतात. वय झालं, घेऊन टाका, ते म्हणाले. लस बाहेरून मागवावी लागते म्हणून पैसे आधी घेतले. बिलावर नुसतं ‘इंजेक्शन’ लिहिलं होतं. सुई टोचताना वीज गेलेली होती आणि कंपाउंडर पुठ्ठ्याने आम्हाला वारा घालत होता. दंड चोळत पत्नी त्याला म्हणाली, “इतला पैसा दिधा, आते मी काही मरत नही.” तोही हसला.

तिचं दिवसकार्य आटोपल्यावर मी शहाद्याला, लस टोचली त्या दवाखान्यात गेलो. बाकावर बसून फ्रीजकडे पाहत राहिलो. कंपाउंडरने तो उघडला तेव्हा आत पाण्याच्या बाटल्या आणि दह्याचा डबा दिसला. वीज गेल्यावर हा किती वेळ थंड राहतो, असं मी विचारलं. “राहतो की,” तो म्हणाला.

डॉक्टर शांतपणे बोलले. ही लस प्रत्येक न्यूमोनियाला अडवत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं, म्हणाले. सांगितलं असेल. मला आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, “नातीला कधी आणताय? न दुखणारी लस आहे, तापही फारसा येत नाही.” हे त्यांनी त्याच आवाजात विचारलं, आणि मला ते आवडलं नाही.

माझी मुलगी सुरतेहून बाळंतपणाला आली होती. आई गेल्यामुळे ती इथेच थांबली. तिला नातीसाठी तीच न दुखणारी लस हवी होती, अंगणवाडीतली सरकारी, फुकटची नको होती.

“नाना, फुकटनी सुई म्हणजे ताप येस. सुरतले कोणी देत नही.”

“त्या फ्रीजमधली मी देऊ देणार नाही.”

“तुम्हले संशय कोनावर शे? डॉक्टरवर, का सुईवर?”

मी लशींविषयी वाचू लागलो. सरकारी लशीच्या बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन असतो, असं वाचनात आलं. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला, की लस वापरायची नाही. मी पुन्हा शहाद्याला गेलो आणि न दुखणाऱ्या लशीची बाटली दाखवायला सांगितली. तिच्यावर चौकोन नव्हता. “आमच्या मालावर ते नसतं, सर,” कंपाउंडर म्हणाला. माल हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

मुलीला मी इतकंच म्हटलं, की अंगणवाडीत निदान बघता तरी येतं. ती धुसफुसत तयार झाली. लस टोचायच्या दिवशी मी नर्सबाईंकडून बाटली मागून घेतली आणि दारातल्या उजेडात धरली. चौकोन फिकट होता. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“काय देखी ऱ्हायनात नाना? मन्ही नोकरीच ली ल्या तुम्ही!” नर्सबाई म्हणाल्या. ओट्यावरच्या बाया हसल्या. “फुकटनी शे म्हणून इतली तपासनी. पैसा मोजतस, तठे काही इचारतस नही.”

तिथे विचारूनच मी इथे आलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नातीला ताप आला. येईल, असं सांगून नर्सबाईंनी औषध दिलंच होतं. तरीही मी त्या औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचली. मुलीने ते पाहिलं, बाटली माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “आईले आते काही व्हनार नही, नाना. हिन्हाकडे देखा.”

आता ताप उतरला आहे. मुलगी पुढची सुई सुरतेला, पैसे देऊन घेणार आहे आणि मी नाही म्हणत नाही. पत्नीला दिलेली लस चांगली होती की नव्हती, हे मला माहीत नाही. ते कळायला आता काही मार्ग नाही.